दिवा कुणाच्या हातात?

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांची ही काही नावं एका दमात वाचून बघा. 'प्रभाकर' (१८४१), 'ज्ञानोदय' (१८४२), 'ज्ञानप्रकाश' (१८४९), 'अरुणोदय' (१८६६). सूर्य, उदय, प्रकाश, पहाट. 'प्रभाकर' मुंबईत भाऊ महाजनांनी काढलं, 'ज्ञानप्रकाश' पुण्याचं, 'अरुणोदय' ठाण्याचं. 'ज्ञानोदय' अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलं. चालवणारे वेगळे, मतं वेगळी, धर्माच्या प्रश्नावर तर टोकाची. पण नाव ठेवायची वेळ आली की सगळ्यांचा हात उजेडाकडेच गेला. अंधार आहे आणि दिवा आपल्याकडे आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मला या खात्रीबद्दल बोलायचंय. मी लातूरची. आता नोकरीसाठी नांदेडला असते. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास, आणि आमच्या या दोन जिल्ह्यांत त्याहून बरीच कमी. त्यामुळे उजेड-अंधाराची भाषा मी दोन्ही बाजूंनी ऐकत मोठी झाले. चर्चमध्ये कधी पाहुणे प्रवचनकार येत आणि सांगत, तुमचे पूर्वज अंधारात होते. गल्लीत कुणीतरी म्हणे, तुम्ही लोक भरकटलात, आपला उजेड सोडून गेलात. दोन्हीकडे दिवा समोरच्याच्या हातात, आणि अंधार आमच्या वाट्याला.

म्हणून मी ठरवलं की ज्या पुस्तकाच्या नावानं हे सगळं बोललं जातं, ते पुस्तक उजेडाबद्दल नेमकं काय म्हणतं ते बघायचं. आणि मराठी मुलखात या शब्दांचं पुढं काय झालं, तेही.

दिवस संध्याकाळी सुरू होतो

बायबलच्या पहिल्याच पानावर प्रकाश आहे. देव बोलतो आणि प्रकाश होतो. हा प्रकाश सूर्याचा नाही. सूर्य आणि चंद्र येतात चौथ्या दिवशी. म्हणजे ज्यानं हे लिहिलं, त्याला प्रकाश म्हणजे आकाशातला गोळा एवढंच म्हणायचं नव्हतं.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, ती पटकन नजरेतून सुटते. प्रत्येक दिवसाचा हिशेब 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' असा मांडलाय. आधी संध्याकाळ. ज्यू परंपरेत आजही दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, शब्बाथ शुक्रवारी दिवेलागणीला लागतो. अंधार हा दिवसाचा शत्रू नाही, दिवसाचा पहिला अर्धा भाग आहे. देव अंधाराला हाकलून देत नाही, त्याला नाव देतो: रात्र.

पुढं निर्गमाच्या पुस्तकात सीनाय डोंगरावर लोक लांब उभे राहतात आणि मोशे एकटा दाट काळोखात शिरतो, कारण देव तिथं असतो. शलमोन मंदिराचं समर्पण करताना हेच म्हणतो, की परमेश्वरानं दाट काळोखात राहायचं ठरवलंय. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र तर सांगतं, देवाला अंधार आणि उजेड सारखेच. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःला दोन्हींचा निर्माता म्हणवतो.

नव्या करारात प्रकाशाची भाषा जास्त ठळक होते, विशेषतः योहानाच्या शुभवर्तमानात. येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो. पण तिथंही निकदेम त्याला भेटायला रात्री येतो, आणि येशू त्याला 'सकाळी ये' म्हणून परत पाठवत नाही. वधस्तंभाच्या दिवशी भर दुपारी तीन तास अंधार पडतो. मग्दालिया मरिया कबरेकडे जाते ती अजून अंधार असतानाच. आणि प्रेषितांच्या कृत्यांत शौलाला दमास्कसच्या वाटेवर जो लख्ख प्रकाश दिसतो, त्यानं तो तीन दिवस आंधळा होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधत, त्यांना बांधून आणायला निघालेला माणूस, आणि प्रकाशानं आधी त्याचेच डोळे बंद केले.

मग ख्रिस्ती माणसाला प्रकाशात चालतोय की अंधारात, हे कळायचं कसं? योहानाच्या पहिल्या पत्रात त्याची परीक्षा अगदी साधी आहे. मी प्रकाशात आहे असं म्हणणारा जर आपल्या भावाचा द्वेष करत असेल, तर तो अजून अंधारातच आहे. कुठल्या देशात जन्मला, कोणत्या देवळात जातो, काय वाचतो, यांतलं काहीच त्या परीक्षेत विचारलेलं नाही.

दोन राज्यांची कल्पना

जगाचे सरळ दोन भाग करण्याचा मोह जुना आहे. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये चामड्याच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतल्या एकीत 'प्रकाशाचे पुत्र' आणि 'अंधाराचे पुत्र' यांच्यातल्या शेवटच्या युद्धाचं सविस्तर वर्णन आहे. लिहिणारे अर्थातच प्रकाशाचे पुत्र होते. अंधाराच्या पुत्रांची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही.

तिसऱ्या शतकात इराणकडच्या मानी नावाच्या धर्मसंस्थापकानं प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी राज्यं आहेत अशी मांडणी केली. ती चीनपर्यंत पोचली. पुढं चर्चचा मोठा विचारवंत ठरलेला ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी नऊ-एक वर्षं याच पंथात होता. नंतर त्यानं तो सोडला आणि त्याविरुद्ध लिहिलं. अंधार हे देवाच्या तोडीचं दुसरं राज्य नाही, वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, असं त्याचं उत्तर. चर्चनं मानीची मांडणी अधिकृतपणे नाकारली. कागदावर तरी.

कारण माणसांना दोन रकान्यांत टाकायची सवय गेली नाही. १८१९ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड हेबर या धर्मगुरूनं मिशनसाठी एक गीत लिहिलं. आमच्याकडे दिवा आहे, तर अंधारातल्या लोकांना तो द्यायला आम्ही नाही कसं म्हणायचं, असा त्याचा भाव. त्यात भारताचं आणि श्रीलंकेचंही नाव येतं. हेबर पुढं कलकत्त्याचा बिशप झाला. जगभरच्या चर्चमध्ये ते गीत शंभर वर्षं म्हटलं गेलं. १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढं बोलताना गांधीजींनी या गीतातल्या ओळी आपल्याला कायम टोचत आल्याचं सांगितलं. गीतात कळकळ खरी होती. अपमानही खरा होता. दिवा देणारा उंचावर उभा होता आणि घेणाऱ्याला तोंड नव्हतं.

ओवीतला प्रकाश

पण मराठीत ख्रिस्ती प्रकाश पहिल्यांदा आला तो अशा उंचीवरून आला नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात पोचला. १६१६ साली राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं, पण वळण आपलं: पुराणाचं, ओवीचं. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या ओवीतून ज्यांच्या कानाला उजेडाची सवय होती, त्यांना सृष्टीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्याच चालीत ऐकायला मिळाली.

यात एक कबुली आहे. ज्या भाषेत सांगायचंय, त्या भाषेत उजेडासाठी शब्द आधीपासून आहेत, ही ती कबुली. पसायदानात अंधार जावा असं मागणं तेराव्या शतकातच मागून झालं होतं. आमच्या नांदेडला तर १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. शीख परंपरा गुरूच्या देहान्ताला मृत्यू म्हणत नाही, ज्योतीत ज्योत मिळाली म्हणते. गोदावरीकाठच्या या गावाला कुणी बाहेरून येऊन 'तुम्ही अंधारात आहात' असं सांगितलं, तर गाव नुसतं हसेल.

एक मुलगा, दोन दिवे

१८४३ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता आणि तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले. कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता प्रश्न असा, की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? सनातनी म्हणाले, नाही. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. बाळशास्त्री म्हणजे 'दर्पण'चे संपादक. मराठी वृत्तपत्रांची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात ते. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

मिशनऱ्यांना वाटत होतं, मुलाला उजेडातून ओढून नेलं. सनातन्यांना वाटत होतं, मुलगा अंधारात बाटून आला. पोराचं स्वतःचं म्हणणं काय होतं, यावर फारशी शाई खर्ची पडली नाही. मला मात्र या वादात बाळशास्त्रींची जागा महत्त्वाची वाटते. ते ख्रिस्ती नव्हते, धर्मांतराच्या विरोधातच होते. पण दार बंद करणाऱ्यांच्या बाजूला ते उभे राहिले नाहीत. योहानाच्या पत्रातली परीक्षा लावली, तर त्या दिवशी उजेडात कोण होतं?

थोरला भाऊ नारायण पुढं पाळक झाला आणि आमच्या मराठवाड्यात आला. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, त्यानं 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. त्याच्याकडे येणाऱ्यांत गावकुसाबाहेरची कुटुंबं होती, मांग समाजातली विशेष. ज्या ब्राह्मण घरानं धाकट्या मुलासाठी कोर्ट गाठलं होतं, त्याच घरातला थोरला आता गावकुसाबाहेरच्यांचा शेजारी झाला. १८७३ साली न्यू यॉर्कच्या परिषदेत तो पागोटं बांधून बोलला. १८९१ मध्ये समुद्रप्रवासातच त्याचं निधन झालं.

बेथेल या शब्दाचा अर्थ 'देवाचं घर'. पण हे नाव पडलं कसं, ते बायबलमध्ये बघा. घरातून पळालेला याकोब सूर्य मावळला म्हणून वाटेतच थांबतो, दगड उशाला घेतो आणि झोपतो. अंथरूण नाही, दिवा नाही. रात्री स्वप्नात त्याला कळतं, की देव इथंच होता आणि आपल्याला माहीत नव्हतं. ज्यांना गावात रात्र काढायला जागा नव्हती, त्यांच्या वस्तीला याहून चांगलं नाव सापडलं नसतं.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

'ज्ञानोदय'नं आपल्या नावाला शोभेल असं जे केलं, त्यात मी सगळ्यात वर १८५५ सालची एक गोष्ट ठेवीन. त्या वर्षी त्याच्या दोन अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मुक्ता फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. वय चौदाच्या आसपास, शिक्षण तीनेक वर्षांचं.

तिनं काय लिहिलं? वेद आमच्यासाठी नाहीत म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, ते देवा तूच सांग. आमच्या माणसांना वाड्यांच्या पायात गाडलं, शिकण्याची बंदी केली, आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात. आणि शेवटी आपल्याच लोकांना तिचं सांगणं, की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

हे वाचताना दिवा हातातून हातात जाताना दिसतो. मिशनचा छापखाना होता, फुल्यांची शाळा होती. पण पुण्यातल्या वाड्यांचा पाया तिनं उजळून दाखवला. शतकानुशतकं जे जमिनीखाली होतं, ते एका मुलीच्या लिखाणात वर आलं. त्या काळी 'अंधारातली' म्हणून जिची सगळ्यांनी दया केली असती, तिनंच इतरांना त्यांचा अंधार दाखवला.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनी त्यांना वळण लावायला बघत होत्या. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत जाण्यासाठी नाही, आणि माझा विवेक मी कुणाकडे गहाण ठेवणार नाही. पुढं १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुलींना केडगावला 'मुक्ती'त आणलं. तिथं अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय केली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा सोपा मराठी अनुवाद 'मुक्ती'च्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापला गेला. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये आला, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. प्रकाशाबद्दलची वाक्यं कधीकाळी दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुलींनी एकेक खिळा जुळवत छापली, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं वाटतं.

३ वाजून ५६ मिनिटं

आता मराठवाड्यातला सगळ्यात गडद अंधार. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लोक उशिरा, थकून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत खाली आली. हजारो माणसं गेली. मी सहा वर्षांची होते. लातूरच्या घरात भांडी वाजली आणि आजीनं मला उचलून अंगणात आणलं, एवढंच आठवतं. त्यानंतर पाऊस लागला आणि ढिगारे उपसणं आणखी अवघड झालं.

त्या दिवसांत सगळीकडे एकच चर्चा होती: हे कुणाच्या पापानं झालं? प्रत्येकाकडे उत्तर होतं. कुणी गावाच्या पापानं म्हणे, कुणी देवाचं काही राहून गेलं म्हणे. आमच्यातही असं बोलणारे होते. आजी शाळेत गेली नव्हती, पण शुभवर्तमान तिनं ऐकून पाठ केलेलं. ती म्हणायची, "बाई, जन्माच्या आंधळ्याची गोष्ट विसरलीस का?"

ती गोष्ट योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापानं, याच्या की आईबापाच्या? येशू दोन्ही उत्तरं नाकारतो. दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे, रात्र येतेय, असं म्हणतो आणि खाली वाकून मातीचा चिखल करतो. 'मी जगाचा प्रकाश आहे' हे वाक्य तो इथं पुन्हा म्हणतो, हातांना चिखल लागण्याच्या अगदी आधी.

किल्लारीत माणसं मेली ती पापानं नाही. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि माळवदाचं वजन अंगावर पडून मेली. हे कारण शोधणं, सांगणं, पुढची घरं वेगळी बांधणं हा उजेड. ढिगाऱ्यापुढं उभं राहून पाप मोजणं हा अंधार, मग मोजणारा कुठल्याही धर्माचा असो. आमच्या आजीनं एका ओळीत जे सांगितलं, ते समजायला मला पुढं बरंच वाचावं लागलं.

लाइट गेल्यावर

माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या कुणालाही अंधाराची व्याख्या विचारा, तो 'लोडशेडिंग' म्हणेल. दोन हजारच्या दशकात खेड्यांमध्ये बारा-बारा तास वीज नसायची. चिमणी, कंदील, नंतर चार्जिंगची बॅटरी. परीक्षेचा अभ्यास त्याच उजेडात. त्या अंधारात पवित्र असं काही नव्हतं. पुण्या-मुंबईत दिवे जळतायत आणि आपल्याकडे नाही, एवढं मात्र कळायचं. अंधाराचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. काही अंधार देवानं नाव दिलेले असतात आणि काही माणसानं वाटून दिलेले.

म्हणूनच मला पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीचा कॅथलिक विधी विलक्षण वाटतो. त्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मुद्दाम मालवतात. बाहेर अंगणात जाळ पेटवतात. त्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवून ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात, आणतानाही तीन वेळा थांबतात. मग त्या एका ज्योतीवरून शेजारचा आपली मेणबत्ती पेटवतो, त्याच्यावरून पुढचा. मेणबत्ती सगळ्यांना आधीच वाटलेली असते, गरीब, श्रीमंत, पाहुणा असा फरक न करता. कुणीही आपली ज्योत स्वतः पेटवून आणलेली नसते, प्रत्येकाला ती शेजाऱ्याकडूनच मिळते.

आणि त्या उजेडात छत, वेदी, मूर्ती हे सगळं नंतर दिसतं. मेणबत्ती पुढं करायला आपण वाकतो, तेव्हा सगळ्यात आधी दिसतो तो शेजारच्या माणसाचा चेहरा.